फक्त हितंच मिळणारा खेळ

खालच्या अंगाला पॉवर टिलर धडधडायला लागला की मी दुकानाला जायच्या आधी ओट्यावर उभा राहून चहा पितो. खाचरात पाणी तुंबलेलं असतं, टिलरच्या मागं बगळे चालत असतात आणि चिखलणीचा वास सगळ्या आळीत भरलेला असतो. कुजका पाला, शेण आणि डिझेल, तिन्ही मिळून. राजगड ढगात गेलेला असतो. तो आता श्रावण सरेपर्यंत नीट दिसायचा नाही. गुंजवण्यात लावणी आली हे कुणाला कॅलेंडरात बघावं लागत नाही. आमच्या घरात तर आणखी एक खूण आहे. आई टीव्हीखालच्या फळीवरून डबा काढते, ओल्या फडक्यानं पुसते, मग कोरड्यानं, आणि जुन्या लुगड्याचं धडपं पुन्हा त्याच्यावर पांघरून ठेवते.

डबा म्हणजे व्हिडिओ गेमचा कन्सोल. माझं विंझरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण आमच्या घरात तो पहिल्या दिवसापासून डबाच. दसऱ्याला कोयता, विळा आणि माझ्या स्क्रू ड्रायव्हरांच्या शेजारी त्यालाही झेंडूचं फूल मिळतं. यंदाही आईनं तो पुसला. मी बघितलं आणि चहा संपवला. बोलून उपयोग नसतो अशा गोष्टी आमच्या घरात हल्ली वाढल्या आहेत.

डबा माझ्या धाकट्या भावाचा. निलेश हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरी लागली त्या वर्षी त्यानं तो कुणाकडून तरी जुना घेतला होता. त्याच्या खोलीवर टीव्ही नव्हता, म्हणून लावणीला घरी येताना एसटीतून तो मांडीवर घेऊन आला. वेल्ह्याच्या गाडीत कोंबड्या, खताच्या गोण्या, पावसात भिजलेली माणसं आणि त्यात हा गडी, पोटाशी खोकं धरून. आईला वाटलं मिक्सर आणला. तोच आषाढ माझ्या डोक्यात बसलाय. त्यानंतरचे सगळे आषाढ मी त्याच्याशी लावून बघतो आणि सगळेच कमी भरतात.

आमच्याकडं लावणी सावडीनं व्हायची. आज तुमच्या खाचरात आमच्या घरची माणसं, उद्या आमच्या खाचरात तुमची. मजुरी नाही, माणसाच्या बदली माणूस. ज्या घरचा एक हात कमी, त्या घराची लावणी मागं पडणार आणि वर आळीचे टोमणे. वडील गेल्यापासून आमचा एक हात कमीच होता. खालची चांगली खाचरं धरणात गेलेली, वरची राहिलेली, पण तेवढ्यालाही माणसं लागतातच. म्हणून निलेश यायचा. दिवसभर कमरेत वाकून रोपाच्या मुठी सोडायचा, संध्याकाळी गरम पाणी अंगावर घेऊन टीव्हीपुढं बसायचा. नखात चिखल तसाच. आई आषाढ तळायची. कापण्यांचा डबा त्याच्या मांडीशी असायचा आणि गुळातेलानं माखलेल्या बोटांनी तो ते रिमोटसारखं यंत्र दाबत राहायचा. त्याची दोन बटणं अजून चिकट आहेत. मी रोज दुसऱ्यांचे मोबाईल स्पिरिटनं साफ करतो, ती बटणं मात्र केली नाहीत.

खेळ मेंढरांचा होता. एक मेंढपाळ, एक घोडा, डोंगर, धुकं आणि चहूकडं पांगलेली मेंढरं. पाऊस लागायच्या आत ती गोळा करून वाड्यावर आणायची. मध्ये लांडगे, दरडी, पूर. तो खेळ फक्त त्याच कंपनीच्या डब्यावर चालायचा. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर, कम्प्युटरवर, कशावरच नाही. हे निलेशनं आईला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. त्याला नुसती फुशारकी मारायची होती. आईनं ते वेगळ्या कानानं ऐकलं.

आई आधी लांबून बघायची. चुलीपाशी भाकरी थापता थापता मान वळवून. मग तवा उतरवून उंबऱ्याशी आली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तर ती त्याच्या खांद्याशी बसून हुकूम सोडायला लागली. "आरं, ती काळी मागं ऱ्हायली बघ. वड्याच्या पल्याड." निलेश म्हणायचा, "आई, थांब गं, लांडगा आलाय." तर ही म्हणायची, "लांडगा जातुया. तू आधी काळीला आण." दोघं मायलेक एका टीव्हीत डोकं घालून भांडत बसायची आणि बाहेर झड लागलेली असायची. माझी बायको संगीता मला म्हणाली होती, "आईंना इतकं हसताना म्या लग्नापासनं पयल्यांदा बघितलं." मला बरं वाटलं होतं. थोडं वाईटही वाटलं होतं. मी त्याच घरात रोज होतो.

आता विजेची गोष्ट. वेल्ह्याकडचं कुणीही सांगेल, आमच्याकडं वीज कडाडते ती मृगाच्या तोंडी, नाहीतर मग परतीच्या पावसात. आषाढात ढग गुरगुरत नाहीत. नुसती संततधार लागते, मुकाट. त्या आषाढात एका संध्याकाळी, निलेशचं दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जायचं ठरलेलं. खेळात शेवटचा टप्पा आलेला, सगळी मेंढरं गोळा, एक काळी तेवढी राहिलेली, आणि ती ओढ्यापलीकडून त्यानं निम्म्या वाटेवर आणलेली. एवढ्यात घरात अंधार. टीव्ही गेला, पंखा गेला. आई मीटरपाशी उभी, हात मेन स्विचवर.

"आई, काय केलंस?"

"ईज कडाडली. यंत्र जळलं आसतं तुजं."

"कुठं कडाडली? मी इथंच बसलोय."

"तुज्या कानात त्यो खेळ हुता. म्या आयकली."

मी ओसरीवर होतो. माझ्या कानात काही नव्हतं. पावसाच्या आवाजापलीकडं मी काही ऐकलं नव्हतं. निलेशनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "लांब कुठंतरी झाली असेल." त्याला तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागणार होता. सकाळची गाडी हुकली. ऑफिसात त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तो राहिला. आईनं खेकड्यांचं कालवण केलं. त्या आषाढात आमच्या घरावर आणखी एकदा वीज कडाडली, आणि तीही फक्त आईलाच ऐकू आली. दुसऱ्या वेळी निलेश चिडला नाही. अंधारातच हसला आणि म्हणाला, "बरं, उद्या बघू."

जाताना पाऊस मी म्हणत होता. एका खांद्याला बॅग, दुसऱ्यावर इंद्रायणी तांदळाचं पोतं. डबा घ्यायला तो वळला तर आई म्हणाली, "पावसात भिजंल त्यो. ऱ्हाऊ दे हितंच. फुडल्या खेपंला ने." त्याला पटलं. काळं मेंढरू ओढ्याच्या अलीकडं आलेलं होतं, वाड्यावर नेलं की खेळ संपणार होता. तेवढंच ठेवून तो गेला.

पुढल्या खेपेला पाऊस नव्हता, दिवाळी होती. आई म्हणाली, "एसटीत दणके बसत्याल." त्याच्या पुढल्या खेपेला म्हणाली, "तुज्या खोलीवर चोऱ्या हुत्यात म्हनं." मग तिनं कारणं सांगायची सोडून दिली. "डबा हितनं हलनार न्हाई," एवढंच. आणि निलेश येत राहिला. दर लावणीला, सावडीला म्हणून. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "खेळ घरी आहे ना माझा." हसत म्हणायचा. पण यायचा. दर वर्षी कुठलातरी नवा फाटा काढायचा, नवी मेंढरं शोधायचा. त्या काळीला वाड्यावर नेऊन खेळ संपवून टाकावा, असं त्यानं कधी केलं नाही.

त्याला दुसरा डबा घेता आला नसता असं नाही. पहिल्या दोन वर्षांनंतर तर सहज. मी एकदा म्हणालोसुद्धा, "तिकडं एक घेऊन टाक की." तर म्हणाला, "घरी असताना परत कशाला, दादा?" तेव्हा मला ते काटकसरीचं वाटलं. आता वाटतं, आईला त्याला बोलवायला निमित्त हवं होतं तसं त्यालाही यायला निमित्त हवं होतं. आईनं कडी घातली होती खरी, पण आत राहायचं त्यालाही आवडत होतं. आईला भेटायला येतो असं म्हणायला आमच्या घरात कुणाची जीभ वळत नाही. खेळायला येतो, हे म्हणायला सोपं.

मग तो खेळ सगळीकडं आला.

म्हणजे कंपनीनंच तो कम्प्युटरवर आणला. मी दुकानात कुणाचा तरी फुटलेला स्क्रीन बदलत होतो आणि बाळू टेम्पोवाला समोर स्टुलावर बसून मोबाईलवर काहीबाही वाचत होता. बाळूला गेमचा नाद आहे. भाडं नसलं की तो माझ्या दुकानात येऊन जगातल्या सगळ्या कंपन्यांचा हिशोब मांडतो. त्यानंच सांगितलं. म्हणाला, "आता डबा घ्यायची गरजच न्हाई. जे हाय त्यावर खेळा."

मी म्हणालो, "मग डबा घेईल कोण? त्याचं स्वतःचं असं काय राहिलं?"

"आरं, डबा चांगला आसंल तर घेतील की लोकं. एका खेळासाठी मानसाला बांधून घालायचं ही काय रीत झाली? गरिबानं किती डबं घ्यायचं?"

बाळूचं खरं होतं. एकाच यंत्रावर सगळं मिळावं, यात वाईट काय? पूर्वी आमच्या गावाला एसटीशिवाय काही नव्हतं तेव्हा आम्ही एसटीची वाट बघायचो आणि तिला शिव्याही द्यायचो. जीपगाड्या आल्या तेव्हा कुणी रडलं नाही. अडवून ठेवलेलं गिऱ्हाईक मनातून रागावलेलंच असतं, हे दुकानदार म्हणून मला कळतं. ज्याची चीज चोख त्याला कडीकुलुपाची गरज नाही, असं मी स्वतःच गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. पण त्या दिवशी मला कंपनीचा राग आला. सातासमुद्रापलीकडं कुठल्या तरी काचेच्या इमारतीत चार माणसांनी ठरवलं की हा खेळ आता सगळ्यांचा, आणि त्यांना पत्ताही नव्हता की गुंजवण्यात एका बाईचा सगळा डाव त्याच्यावर उभा आहे. कुणाला जाऊन सांगणार? तक्रार तरी काय करणार, की खेळ सगळ्यांना दिलात म्हणून?

घरी मी आईला सांगितलं नाही. निलेशनंच सांगितलं, व्हिडिओ कॉलवर, मोठ्या कौतुकानं. लॅपटॉपचा पडदा मोबाईलपुढं धरून त्यानं तोच मेंढपाळ दाखवला, तोच घोडा, तेच धुकं. पहिल्यापेक्षा जास्त स्वच्छ दिसत होतं.

आईनं डोळे बारीक करून बघितलं. "काळी कुठं हाय?"

"अगं, ती तिकडच्या डब्यात राहिली. इकडं मी नव्यानं सुरू केलंय."

"म्हंजी हितली तशीच वड्यापाशी हुबी?"

"हो. विकून टाका आता तो डबा. कुणी घेत असेल तर."

आई "बरं" म्हणाली. डबा विकला नाही. तिला मी पुन्हा समजावून सांगितलं की बंद यंत्रात कुणी उभं राहत नाही, लांडगाही येत नाही. ती म्हणाली, "मला काय येडी समजतुस का?" आणि धडपं नीट केलं.

त्या वर्षी लावणीला निलेश दोन दिवस आला. त्याच्या पुढच्या वर्षी एक रविवार. आणि यंदा फोन. "दादा, यंदा नाही जमत रे. मजूर लावा ना, मी पाठवतो काय लागेल ते." त्यात चूक काही नाही. सावड आता आळीत तरी कुठं उरलीय? निम्म्या घरांत हातच नाहीत. पलीकडून टेम्पोत माणसं येतात, दिवसाकाठी लावणी उरकून जातात, हातही त्यांचा चांगला चालतो. रोपाला काय कळतंय कुणी लावलं ते? कणसं तेवढीच येतात. मी मजूर सांगून टाकले. आमची लावणी यंदा आळीत सगळ्यांच्या आधी झाली, आणि ती झाल्याचा आनंद घरात कुणालाच झाला नाही.

आषाढ तळला तेव्हा आईनं कापण्यांचा एक डबा वेगळा भरला. मी म्हणालो, "बाळूचा टेम्पो शनिवारी पुण्याला जाणार आहे, देतो पाठवून." निलेशला फोन करून विचारलं, कुठं उतरवून घेशील. तो म्हणाला, "अरे, कशाला त्याला त्रास? इथं ॲपवर मिळतात कापण्या. चांगल्या असतात, खरंच. तुम्ही खा." फोन स्पीकरवर होता. आईनं डब्याचं झाकण काढलं आणि कापण्या परत मोठ्या डब्यात ओतल्या. जोरात नाही, भांडून नाही. शेवटच्या दोन-तीन तळाला चिकटल्या होत्या, त्या बोटानं काढल्या.

त्यानंतर तिनं ते सुरू केलं. रविवारी निलेशचा व्हिडिओ कॉल येतो. आधी ती मधोमध बसायची, पदर सावरून, मोबाईल इतका जवळ धरायची की तिकडं निलेशला नुसतं कपाळ दिसायचं. त्या रविवारी फोन वाजला तशी ती उठली आणि खांबाच्या आड जाऊन बसली.

"आई, ये ना. निलू आहे."

तिनं हातानं नाही म्हटलं. ओठांवर बोट ठेवलं. मी फोनवर सांगितलं, आई खाचरात गेलीय. फोन झाल्यावर मी तिच्यावर चिडलो. "हे काय नवीन?"

"मोबाईलवर मी न्हाई दिसायची आता. बघायचं आसंल तर त्यानं हितं यावं."

मला आधी हसूच आलं. खेळ गेला, लावणी गेली, कापण्याही गेल्या. आता ही स्वतःलाच राखून ठेवणार होती, फक्त इथं मिळणारी म्हणून. मी तिला समजावलं. रागावूनही सांगितलं. म्हटलं, "आई, असं अडवून माणूस येत नसतो. तो राजगड बघ. त्याचे फोटो मोबाईलवर ढिगानं पडलेत. घरबसल्या सगळा गड दिसतो. तरी दर रविवारी खाली गाड्या लावायला जागा नसते. खरं आहे ते आहे. ते बघायला माणूस येतोच."

आई निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "त्यो गड हाय, बाबा," ती म्हणाली. "मी काय गड हाय व्हय?"

आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मोबाईल दुरुस्त करताना कधी कधी असं होतं, सगळे सुटे भाग चांगले असतात, कुठंच काही तुटलेलं नसतं आणि तरी यंत्र सुरू होत नाही. गिऱ्हाईक विचारतं, दोष कुणाचा? मी म्हणतो, नाही सांगता येत. निलेश वाईट नाही. फोन करतो, दुखलंखुपलं विचारतो, दवाखाना म्हटलं की गाडी पाठवतो. त्याला आई नको आहे असं मुळीच नाही. एवढंच झालंय की ती आता त्याला तिथंही मिळते. आणि जी तिथं मिळते तिच्यासाठी इथवर, चेलाडी सोडून, नसरापूर सोडून, खड्ड्यांतून आणि धुक्यातून कोण येईल? मी आलो असतो का? मला कधी यावंच लागलं नाही, म्हणून मला माहीत नाही. जो घरातच असतो त्याच्यासाठी कुणी काही राखून ठेवत नाही. ते दुखतं, हेही सांगून टाकतो.

पुढचे रविवार तसेच गेले. फोन वाजला की आई खांबाआड. पण नुसती बसायची नाही. आधी केस सारखे करायची, पदर नीट घ्यायची. कुणाला दिसणार नाही ते माहीत असून. तिथून तिला मोबाईलचा पडदा तिरका दिसतो, एवढी जागा तिनं हेरून ठेवली होती. तिला तो दिसायचा, त्याला ती नाही. निलेश विचारायचा, "आई कुठंय?" मी म्हणायचो, "खाचरात गेलीय." तो म्हणायचा, "या पावसात? सांग तिला, जपून." आईच्या तोंडावर तेवढ्यानं एक समाधान यायचं, स्विचवर हात ठेवून उभी होती तेव्हाचं. विचारतोय म्हणजे डाव लागू पडतोय.

परवाच्या रविवारी झड लागली होती. पन्हाळीचं पाणी अंगणात कोसळत होतं, आवाजात फोन ऐकू येईना म्हणून मी मोबाईल खांबाच्या जवळ घेऊन बसलो. आई हाताच्या अंतरावर होती. निलेश बराच वेळ बोलला. लावणी कशी झाली, रोप धरलं का, माझं दुकान कसं चाललंय, संगीताच्या पाठीचं काय झालं. नव्या खोलीची खिडकी दाखवली. मग मागून कुणीतरी त्याला हाक मारली, तो वळला, हसला, म्हणाला, "चल दादा, आलेत सगळे. ठेवतो. पुढच्या रविवारी बोलू." पडदा काळा झाला. त्यात मला माझंच तोंड दिसत होतं.

मी मोबाईल खिशात टाकला. उठायचं होतं, पण उठलो नाही. पाऊस होता तसाच पडत होता, मुकाट, एकदाही न गडगडता.

"इचारलं का रं त्यानं?" आई म्हणाली. "आई कुठं हाय म्हनून?"

ती तिथंच बसली होती. मला ऐकू आलं ते सगळं तिलाही ऐकू आलं होतं.

"इचारलं की," मी म्हणालो.

"मंग? काय सांगितलंस?"

"खाचरात गेलीय म्हणून सांगितलं."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर काढून चुलीकडं गेली.